कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून लेबर स्टडीज: सर्टिफिकेट करावं की डिग्री? भारतातलं आयआरचं (औद्योगिक संबंधांचं) ज्ञान कितपत चालतं?

सायली_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. बीकॉम आणि त्यावर डीएलएल अँड एलडब्ल्यू (कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका) झालंय. चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं आयआर पाहिलं: स्टँडिंग ऑर्डर्स (कारखान्याचे सेवानियम), चार्जशीट, डोमेस्टिक एन्क्वायरी (कंपनीतली खातेनिहाय चौकशी), मागणीपत्र आल्यापासून करारावर सह्या होईपर्यंतची बोलणी, कामगार आयुक्त कार्यालयातल्या तारखा. आता फ्रीमाँटला आहे. व्हिसा एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा), ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात आहे, कॅलिफोर्नियात येऊन सव्वा वर्ष झालं.

इथल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत) लेबर स्टडीजचे, म्हणजे कामगार आणि युनियन या विषयाचे, कोर्स दिसतात. माझे प्रश्न असे:

सर्टिफिकेट पुरेल की दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्यावी? फी रहिवाशाची लागेल की परदेशी विद्यार्थ्याची? ऑनलाइन केलं तर आठवड्याला किती तास धरावेत? आणि मुख्य म्हणजे, औद्योगिक विवाद कायदा आणि आपला एमआरटीयू-पल्प (युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांचा महाराष्ट्राचा) कायदा पाठ असलेल्या माणसाला इथे काय नव्याने शिकावं लागतं? नोकरी युनियनच्या बाजूची असो वा व्यवस्थापनाच्या, दोन्ही चालतील.

नंदन_ईस्ट_बे

आधी फीचं सांगतो, कारण अर्जातला एक रकाना चुकला की बिल कित्येक पट येतं.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशाला एका युनिटला (अभ्यासाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. सगळ्या राज्यात दर एकच. तीन युनिटांच्या कोर्सचे १३८, अठरा युनिटांच्या सर्टिफिकेटचे ८२८, पूर्ण साठ युनिटांच्या डिग्रीचे २,७६०. आरोग्य आणि विद्यार्थी शुल्क किरकोळ, ते वेगळं. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांनी दाखवावं लागतं. एच-४ वर हे रहिवासीपण मिळू शकतं. एफ-१ (विद्यार्थी), जे-१ (एक्स्चेंज) किंवा बी (पाहुणा) व्हिसावर नाही. तुमचं सव्वा वर्ष झालंय, म्हणजे मुदत भरली. अडचण येते ती अर्जात. ‘व्हिसा आहे का’ याला ‘हो’ म्हटलं की व्हिसाचा प्रकार नीट निवडायचा. तिथे घाईत ‘इतर’वर टिक केलं तर कॉलेजची यंत्रणा तुम्हाला थेट परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत टाकते. मग अ‍ॅडमिशन्स ऑफिसला आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार आणि राज्याचं टॅक्स रिटर्न दाखवून ते बदलून घ्यावं लागतं. सत्र सुरू व्हायच्या आत हे उरकावं. एच-४ वर केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, तेव्हा त्या फॉर्मवर वेळ घालवू नका.

दर राज्यभर एकच असल्याने फ्रीमाँटला राहून लॉस एंजलिस ट्रेड-टेकचा किंवा सॅन डिएगो सिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्सही त्याच फीमध्ये घेता येतो. या दोन्हीकडे लेबर स्टडीज हा स्वतंत्र विषय आहे. तुमच्या बाजूला सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोत लेबर अँड कम्युनिटी स्टडीज आहे. पण कॅटलॉगमध्ये कोर्स छापलाय म्हणून तो या सत्रात शिकवला जाईलच असं नाही. हे विभाग लहान असतात, काही कोर्स दोन वर्षांतून एकदाच लागतात, आणि विद्यार्थी कमी भरले तर वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात रद्द होतो. म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवून मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं उघडा आणि लेबर लॉ, कलेक्टिव्ह बार्गेनिंग (सामूहिक करार), ग्रीव्हन्स-आर्बिट्रेशन (कराराच्या भंगाची तक्रार आणि लवाद) हे तीन खरोखर कधी लागले ते पाहा. हे तिन्ही जिथे वर्षातून एकदा तरी लागतात ते कॉलेज धरा. शिवाय क्रेडिट आणि नॉनक्रेडिट नीट वाचून घ्या. नॉनक्रेडिट फुकट असतं आणि शिकवणं उत्तम असू शकतं, पण पुढे विद्यापीठात ते मोजलं जात नाही.

तासांचं गणित सोपं आहे. एक युनिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून ४८ ते ५४ तास. तीन युनिटांचा कोर्स सोळा-सतरा आठवड्यांचा असेल तर आठवड्याला नऊ तास. तोच आठ आठवड्यांच्या अर्ध्या सत्रात घेतला तर अठरा. ऑनलाइन म्हणजे सवडीने करू असं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात काहीच जमा केलं नाही तर प्राध्यापक नाव काढून टाकतात आणि ती जागा वेटलिस्टवरच्याला जाते.

डिग्री की सर्टिफिकेट: तुमच्याकडे पदवी आहे. साठ युनिटांच्या डिग्रीतला मोठा भाग इंग्रजी, गणित, विज्ञान असल्या सर्वसाधारण विषयांचा असतो. तो पुन्हा करण्यात अर्थ नाही. सर्टिफिकेट करा.

पर्णिका_के

वरचं सगळं बरोबर आहे. मी कायद्याचं लिहिते.

भारतातून येणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे इथे ‘औद्योगिक विवाद कायदा’ असा एकच छप्पर नसतो. प्रश्न समोर आला की आधी विचारायचं: मालक कोण? खासगी कंपनी असेल तर १९३५ चा नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्ट आणि तो राबवणारं केंद्राचं मंडळ एनएलआरबी. रेल्वे किंवा विमान कंपनी असेल तर १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट. कॅलिफोर्नियातलं शहर किंवा काउंटी असेल तर १९६८ चा मायर्स-मिलियास-ब्राउन कायदा, शाळा आणि कम्युनिटी कॉलेज असेल तर १९७५ चा ईईआरए हा शिक्षणक्षेत्राचा कायदा, आणि दोन्हींची तक्रार पर्ब या राज्याच्या मंडळाकडे. शेतमजूर असेल तर पुन्हा वेगळं: १९३५ च्या कायद्याने शेतमजुरांना वगळलं, म्हणून डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला १९६५ ते १९७० चा संप आणि त्यापुढची लढाई होऊन कॅलिफोर्नियाला १९७५ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही पहिला प्रश्न याच विभागणीवर असतो. चुकीच्या मंडळाकडे तक्रार गेली आणि तिथे महिने गेले, तर बरोबर मंडळाची मुदत तेवढ्यात संपते. मुदत एनएलआरबीकडे सहा महिने, पर्बकडेही साधारणपणे सहाच. आपल्याकडे एमआरटीयू-पल्पमध्ये अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची असते, त्यामानाने इथे सवड जास्त दिसते. पण उशीर माफ करवून घेण्याची वाट इथे फार अरुंद आहे.

आता युनियनच्या मान्यतेत येणाऱ्या ३० टक्क्यांचं. हा आकडा दोन्हीकडे आहे आणि म्हणूनच गोंधळ होतो. एमआरटीयू-पल्पमध्ये पन्नास किंवा जास्त कामगारांच्या उद्योगात, आधीचे सलग सहा महिने ज्या युनियनकडे किमान ३० टक्के सभासद आहेत ती औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागू शकते. सभासदत्व तपासलं जातं, गुप्त मतदान नाही. इथे ३० टक्के सह्यांवर फक्त निवडणूक मागता येते. मान्यता मिळते ती निवडणूक जिंकल्यावर, आणि तीही पडलेल्या मतांच्या बहुमतावर. समजा बार्गेनिंग युनिटमध्ये (ज्या गटासाठी एकत्र करार होतो त्यात) १२० जण आहेत. अर्जाला सह्या केलेली ३६ कार्डं लागतील. मतदानाला ९० आले तर ४६ मतांत युनियन जिंकते आणि ती सगळ्या १२० जणांची प्रतिनिधी होते, विरोधात मत दिलेल्यांचीही. अनुभवी संघटक ३६ कार्डांवर अर्ज करत नाहीत. साठ-सत्तर टक्के सह्या हातात असल्याशिवाय ते हलत नाहीत, कारण अर्ज गेल्यावर मालकाच्या बाजूने प्रचार सुरू होतो आणि पाठिंबा घटतो. विमान कंपन्यांत तर अर्जालाच ५० टक्के लागतात आणि गट सगळ्या देशाचा मिळून धरतात.

‘सुपरवायझर’ या शब्दाला जपा. आपल्याकडे तो प्रश्न कामाचं स्वरूप आणि पगार यांवर ठरतो: जुन्या कायद्यात १०,००० रुपये, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. इथे खासगी क्षेत्रात पगाराचा संबंधच नाही. कायद्याच्या कलम २(११) मध्ये बारा अधिकार मोजलेत: कामावर घेणं, बदली, निलंबन, कपात, परत बोलावणं, बढती, काढणं, काम नेमून देणं, बक्षीस, शिस्तभंग, जबाबदारीने काम करवून घेणं आणि तक्रार मिटवणं. यातला एक जरी अधिकार स्वतःच्या विचाराने वापरता येत असेल, किंवा तसं करण्याची परिणामकारक शिफारस करता येत असेल, तरी तो माणूस सुपरवायझर ठरतो आणि कायद्याच्या संरक्षणाबाहेर जातो. शिफ्टमधली चार्ज नर्स सुपरवायझर की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. सार्वजनिक क्षेत्रात मात्र सुपरवायझरांच्याही युनियन असतात, तिथे हा नियम लावू नका.

आणखी एक गोष्ट मनाने स्वीकारायला जड जाते. युनियनचा करार नसेल तर खासगी नोकरी मालकाच्या मर्जीवर चालते. डोमेस्टिक एन्क्वायरी नाही, कामगार कपातीची भरपाई कायद्याने बंधनकारक नाही, सरकारची परवानगी तर नाहीच. मोठ्या कपातीला साठ दिवसांची नोटीस लागते: केंद्राचा कायदा १०० कामगारांपासून, कॅलिफोर्नियाचा ७५ पासून. बस्स. भेदभाव, सूडबुद्धी वगैरेंना बंदी आहे, पण ‘कारण दाखवा’ हा अधिकार बहुतेकांना फक्त करारातूनच मिळतो. सरकारी कर्मचाऱ्यांचं वेगळं: कॅलिफोर्नियात १९७५ च्या स्केली निकालापासून कायम कर्मचाऱ्यावर मोठी शिक्षा लादण्याआधी प्रस्तावित शिक्षेची नोटीस, कारणं, पुराव्याच्या प्रती आणि उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. चार्जशीटची सवय असलेल्या माणसाला ही प्रक्रिया चटकन कळते.

शॉपफ्लोअर_श्रीधर

ग्रीव्हन्सच्या कोर्सवर दोन शब्द, कारण माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हाच सर्वात उपयोगी. भारतात वैयक्तिक तक्रार बहुधा कामगार न्यायालयाकडे वळते. इथे ती करारातल्या पायऱ्यांनी चढते आणि शेवट खासगी लवादाकडे होतो. न्यायालयं त्या निवाड्यात सहसा हात घालत नाहीत. १९६० च्या तीन स्टीलवर्कर्स निकालांनी ते पक्कं केलं. त्यामुळे पहिल्या पानावर जे लिहिलं त्यावरच अखेरपर्यंत लढावं लागतं.

वाईट ग्रीव्हन्स कशी असते? ‘सुपरवायझर माझ्याशी अन्याय करतो.’ यावर काहीच करता येत नाही.

चांगली अशी: ‘शनिवार, १४ मार्च २०२६ रोजी दुसऱ्या शिफ्टच्या आठ तासांच्या ओव्हरटाइमसाठी ज्येष्ठता यादीतल्या चौथ्या क्रमांकाच्या कामगाराला न विचारता नवव्या क्रमांकाच्या कामगाराला बोलावलं. कराराच्या कलम १४.३ चा तसंच लागू असलेल्या इतर कलमांचा भंग. मागणी: आठ तासांची ओव्हरटाइम दराने भरपाई, आणि अन्य प्रकारे पूर्ण नुकसानभरपाई.’ यात कोण, काय, कधी, कुठे, कोणतं कलम आणि काय हवं हे सगळं आलं. ‘इतर कलमांचा’ हे शब्द मुद्दाम घालतात, नाहीतर लवादासमोर दुसरं कलम काढलं की समोरचा वकील लगेच हरकत घेतो. भरपाईची मागणीही स्पष्ट हवी. ओव्हरटाइम डावलल्याच्या भांडणात व्यवस्थापन म्हणतं, पुढच्या वेळी त्याला आधी बोलावू, पैसे कशाला? यावर लवादांची मतं एकसारखी नाहीत. करारात काय लिहिलंय आणि आधी काय प्रथा होती यावर ठरतं.

मुदत मोजायला शिका. करारात ‘दहा दिवस’ असं असेल तर ते कामाचे की कॅलेंडरचे? वरच्या उदाहरणात कॅलेंडरचे धरले तर २४ मार्च, कामाचे धरले तर २७ मार्च. घटनेपासून मोजायचे की कामगाराला कळलं त्या दिवसापासून, हेही करारात असतं. मुदत चुकली तर भक्कम प्रकरणही त्याच मुद्द्यावर पडतं. मुदतवाढ मिळाली तर ती ईमेलवर घ्या, तोंडी नको.

ग्रीव्हन्स दिली की त्याच दिवशी माहिती मागायचं पत्र द्यायचं: गेल्या सहा महिन्यांची ओव्हरटाइमची नोंद, ज्येष्ठता यादी, त्या दिवशी कोणाला किती वाजता फोन केला त्याची नोंद. युनियनला तिच्या कामासाठी लागणारी संबंधित माहिती मालकाने द्यावी लागते. न दिल्यास ती स्वतंत्र अनुचित प्रथा ठरते. बऱ्याचदा ही नोंद हातात आली की प्रकरण दुसऱ्याच पायरीवर मिटतं.

शिस्तभंगात ‘जस्ट कॉज’च्या सात कसोट्या शिकवतात. लवाद कॅरोल डॉहर्टी यांनी १९६६ मध्ये त्या मांडल्या: नियमाची आधी जाणीव दिली होती का, नियम वाजवी होता का, शिक्षेआधी चौकशी केली का, ती निःपक्ष होती का, पुरेसा पुरावा होता का, सगळ्यांना सारखी वागणूक मिळाली का, आणि शिक्षा गुन्ह्याच्या व नोकरीच्या इतिहासाच्या प्रमाणात होती का. डोमेस्टिक एन्क्वायरी हाताळलेल्याला यातल्या पाच घरच्याच वाटतील. अडतं ते बहुधा सहाव्यावर, कारण इतर कामगारांना त्याच चुकीसाठी काय शिक्षा झाली याचे कागद आधी मागितलेले नसतात.

आणि वाइनगार्टन, म्हणजे चौकशीत युनियनचा प्रतिनिधी मागण्याचा अधिकार. टेक्सासमधल्या वाइनगार्टन नावाच्या दुकानाच्या लंच काउंटरवरच्या कर्मचारी बाईंवर २ डॉलर ९८ सेंटचा चिकनचा डबा घेऊन एकच डॉलर भरल्याचा आरोप झाला. चौकशीत त्यांनी युनियनचा प्रतिनिधी मागितला, तो नाकारला गेला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शिक्षा होऊ शकेल अशी वाजवी भीती असलेल्या चौकशीत युनियनच्या कामगाराला प्रतिनिधी मागता येतो. पण मागावा लागतो. मालकाने स्वतःहून सांगायचं बंधन नाही. म्हणून स्टुअर्ड (कामाच्या जागीचे युनियन प्रतिनिधी) कामगारांच्या खिशात त्या वाक्याचं छोटं कार्ड ठेवायला लावतात.

सायली_फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्टिफिकेटचं नक्की करते. दोन शंका उरल्या. एक, इथे करारावर बसताना पगारवाढीचा खर्च कसा काढतात? आमच्याकडे ग्रॉस आणि सीटीसीवर बोलणी व्हायची, महागाई भत्ता वेगळा. दुसरी, कोणीतरी मला म्हणालं की लेबर स्टडीज सोडून एसएचआरएम या एचआरच्या व्यावसायिक संस्थेचं सर्टिफिकेट करा, नोकरी त्यानेच मिळते. खरं का?

नंदन_ईस्ट_बे

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: खासगी आयटी-बायोटेक कंपनीत एचआर करायचं असेल तर हो. फ्रीमाँटच्या आजूबाजूला त्याच नोकऱ्या जास्त आहेत आणि जाहिरातींत एसएचआरएम-सीपी किंवा पीएचआर ही एचआरच्या सर्टिफिकेटांचीच नावं असतात. लेबर स्टडीजचं सर्टिफिकेट तिथला छाननी करणारा वाचणारही नाही.

पर्णिका_के

मला हे अर्धंच पटतं. एसएचआरएमच्या परीक्षेत युनियन, करार, ग्रीव्हन्स यांचा वाटा लहान असतो. सायलीताईंची सहा वर्षं आयआरमध्ये गेली आहेत, आणि त्याला इथे मोल आहे ते शहरं, काउंट्या, शाळा-जिल्हे, सार्वजनिक वाहतूक आणि रुग्णालयांत. तिथे ‘लेबर रिलेशन्स अ‍ॅनालिस्ट’ किंवा ‘एम्प्लॉयी रिलेशन्स’ नावाची पदं असतात. त्यात किमान पात्रता म्हणून पदवी मागतात आणि बऱ्याच ठिकाणी कमी पडणारं शिक्षण अनुभवाने भरून काढू देतात. अर्ज ठरावीक नमुन्यात भरायचा असतो, नुसता बायोडेटा सहसा चालत नाही. पूरक प्रश्नांना दिलेली उत्तरं गुण देऊन तपासतात. तिथे ‘बोलणी केली’ असं मोघम लिहू नका. किती कामगारांचा करार, किती वर्षांचा, तुमचं काम काय, किती चौकश्या चालवल्या, किती प्रकरणं समेटात मिटली हे आकड्यांत लिहा.

बीकॉम तीन वर्षांचं असल्याने मूल्यांकन संस्थांचे निकाल वेगवेगळे येतात. कोणी तीन वर्षांचं शिक्षण म्हणतं, कोणी पदवी धरतं. म्हणून पैसे भरण्याआधी, ज्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करायचाय ते कोणत्या संस्थेचा अहवाल मानतात हे विचारा आणि विषयवार अहवाल मागवा. डीएलएलची गुणपत्रिकाही त्यातच जोडा. विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट ऑनलाइन गुणपत्रिका यायला वेळ लागतो, ते काम आजच सुरू करा.

युनियनच्या बाजूला संघटकाची नोकरी सर्वात आधी मिळते. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी कामगारांच्या घरी जावं लागतं, गाडी हवी. हिंदी-पंजाबी बोलता येणं सेंट्रल व्हॅलीत आणि विमानतळांच्या आसपास फार उपयोगी पडतं. एनएलआरबीसारख्या केंद्राच्या नोकऱ्यांना बहुधा नागरिकत्व लागतं, त्या तूर्त सोडा.

शॉपफ्लोअर_श्रीधर

खर्चाचं उदाहरण घ्या. २०० कामगार, सरासरी तासाला २८ डॉलर, वर्षाचे २,०८० तास. मूळ पगारखर्च १,१६,४८,००० डॉलर. ३ टक्के वाढ म्हणजे ३,४९,४४०. पण पगार वाढला की त्यावर चालणारे खर्चही वाढतात. मालकाचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे आणखी २६,७३२. पगाराच्या टक्क्यात जाणारं पेन्शन असेल तर तेही, आणि ओव्हरटाइमचा दरही वर सरकतो. याला रोल-अप म्हणतात. टक्केवारीवर बोलणी करताना व्यवस्थापन रोल-अप धरून आकडा सांगतं आणि युनियन बहुधा धरत नाही. दोन्ही बाजू वेगळ्याच रकमेवर भांडत राहतात. म्हणून पहिल्याच बैठकीत पायाभूत आकडे कोणते हे लेखी ठरवून घ्यायचं.

तीन वर्षं ३-३-३ टक्के म्हणजे ९ नाही, ९.२७ टक्के. वाढ वर्षाच्या मध्यावर दिली तर त्या वर्षी खर्च अर्धा, पण पुढच्या वर्षी पूर्ण बसतो. एकरकमी बोनस पायाभूत पगारात मिसळत नाही, म्हणून व्यवस्थापनाला तो आवडतो. ३ टक्के एकरकमी घेतलेला कामगार पुढच्या वर्षी जुन्याच दरावर असतो. महागाई भत्त्यासारखं आपोआप काही इथे नसतं. निर्देशांकाला जोडलेली वाढ हवी असेल तर ती करारात लिहून घ्यावी लागते आणि तिला वरची मर्यादा घातली जाते. आरोग्य विमा हा टक्केवारीत न बसणारा मोठा खर्च, त्याचं वेगळं पान करा: एकट्याचा, जोडप्याचा, कुटुंबाचा असे किती जण, प्रत्येकाचा हप्ता किती, मालकाचा वाटा किती. बहुतेक बोलणी शेवटी याच पानावर अडकतात.

कॅलिफोर्नियात तासांचं गणितही वेगळं. केंद्राचा कायदा आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट देतो. इथे दिवसाच्या आठ तासांनंतरही दीडपट आणि बारानंतर दुप्पट. ठरलेला उत्पादन बोनस असेल तर तो ओव्हरटाइमच्या दरात मिसळावा लागतो. हे हिशेब एक्सेलमध्ये स्वतः करून बघा, कोर्समध्ये याचाच गृहपाठ येतो.

सायली_फ्रीमाँट

समजलं. पहिल्या सत्रात लेबर लॉ आणि ग्रीव्हन्स, दुसऱ्यात बार्गेनिंग, असं बसवते. दोन कोर्स म्हणजे आठवड्याला अठरा तास, ते जमेल. वर्ग भरलेला दिसला तर?

नंदन_ईस्ट_बे

वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी प्राध्यापकांना दोन ओळींचा ईमेल करा, नाव आणि विद्यार्थी क्रमांक घालून. जागा झाली की ते अ‍ॅड कोड (वर्गात नाव घालायचा क्रमांक) पाठवतात. त्याची मुदत दोन-चार दिवसच असते, म्हणून कॉलेजचा ईमेल रोज उघडा. तो वापरून लगेच फी भरा. काही कॉलेजांत फी बाकी राहिली तर नाव आपोआप निघतं. वर्ग सोडायचा झालाच तर परताव्याच्या तारखेच्या आत स्वतः पोर्टलवर जाऊन सोडा. नुसतं जाणं थांबवलं तर फी जाते आणि निकालपत्रात एफ बसतो.

आणि नाव नोंदवायच्या आधी काउन्सेलरची अर्ध्या तासाची वेळ घ्या. सर्टिफिकेटच्या यादीतला एखादा कोर्स आता लागत नसेल तर त्याऐवजी दुसरा धरायचा अर्ज असतो, तो विभागप्रमुखाच्या सहीने मंजूर होतो. शेवटच्या सत्रात गेलात तर हा अर्ज रखडतो, म्हणून आत्ताच विचारा.

पर्णिका_के

एक राहिलं. लेबर लॉच्या वर्गात प्रत्येकाला खऱ्या कराराची प्रत वाचायला लावतात. त्याची वाट बघू नका. शहरांचे आणि शाळा-जिल्ह्यांचे करार त्यांच्या वेबसाइटवर ‘एमओयू’ नावाने उघड असतात. फ्रीमाँट शहराचा एक उतरवून घ्या आणि आधी ग्रीव्हन्सचं कलम, मग व्यवस्थापनाच्या हक्कांचं, मग संपबंदीचं, मग मुदतीचं वाचा. व्यवस्थापनाच्या हक्कांचं कलम किती रुंद लिहिलंय ते नीट बघा. इतर कलमांत जे लिहिलेलं नाही त्या बाबतीत कोणाचा शब्द चालेल हे तिथूनच कळतं.